शहराचा वास, कष्टाचा वास

एसटी नव्या गावात शिरली की पाटी वाचायच्या आधीच आपल्या नाकाला गाव कळतं. आज आम्ही बोलणार आहोत शहरांच्या वासांबद्दल.

सांगलीच्या पेठेत हळदीचा वास येतो. तिथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण हळद पेठेत येते ती शेतात वेचून, शिजवून, वाळवून. त्या वेचणीत बायकाच जास्त.

मुंबईत विलेपार्ले स्टेशनवर बिस्किटं भाजल्याचा गोड वास यायचा. १९२९ साली सुरू झालेला तिथला कारखाना २०१६ साली बंद झाला आणि वासही गेला. वास गेला म्हणजे तिथलं काम गेलं, असं समजायचं.

त्याच मुंबईत कुलाब्याला ससून डॉक आहे, १८७५ सालापासूनचा. पहाटे तिथे मासळी उतरते. बर्फाच्या पाण्यात हात घालून बायका कोळंबी सोलतात. बिस्किटाच्या वासाचं कौतुक होतं, मग मासळीची पाटी घेतलेल्या बाईशेजारी बसताना लोक नाकाला पदर का लावतात? ताटातली कोळंबी मात्र सगळ्यांना गोड लागते. वास कष्टाचाच आहे, मग त्याची लाज तिने का बाळगायची?

आता सोलापूरला जाऊ. तिथल्या विडी कामगारांच्या वस्तीत घराघरांतून तंबाखूचा वास येतो. बायका घरीच तेंदूची पानं कापतात, विड्या वळतात. मजुरी मिळते हजार विड्यांच्या हिशेबानं. तंबाखूची धूळ मात्र नाकातोंडात जाते, लेकरांच्याही. या वासात राहणाऱ्या बायका गप्प बसल्या नाहीत. संघटना केली, मोर्चे काढले. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं.

म्हणून आम्हांला वाटतं, वास आला की नाक मुरडण्याआधी विचारावं : हे काम कोण करतं? तिला मजुरी किती मिळते? धूळ, तिखट, धूर तिच्या अंगात जातो का?

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गावाचा वास कोणता, ते प्रत्येकीनं सांगा. मिरची असेल, गूळ असेल, कांदा असेल, चुलीचा धूर असेल. मग त्या वासात कोण राबतं, तिची नावं घ्या. तोंडाला बांधायला फडकं, हातात मोजे, रास्त मजुरी, यातलं तिला काय मिळत नाही ते लिहून काढा. मागणी तिथूनच सुरू होते.