हरणांच्या वाटा आणि आपले रान

(संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या कौंडण्यपूर येथील सहलीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या गावी बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ऋतूबरोबर चालणे या गावाला नवे नाही. आषाढी जवळ आली की येथून पालखी पंढरपूरला निघते. तिची वाट ठरलेली, मुक्कामही ठरलेले. आज मला अशाच काही ऋतूबरोबर चालणाऱ्या प्रवाशांविषयी बोलायचे आहे. ते म्हणजे आपल्या रानातली हरणे.

हा विषय मला पुस्तकातून सुचला नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा पहिल्या तासालाच डुलक्या घेऊ लागला. पुढे त्याचे येणेही कमी झाले. बोलावून विचारले तर खाली मान घालून म्हणाला, "सर, अब्बासंगं जागलीले जातो. हरभऱ्यात रोही येतात." रात्रभर जागून जो शाळेत येतो त्याला मी काय रागावणार? पण त्याच्या उत्तराने मला एक प्रश्न दिला. रोही येतात, हे खरे. पण ते कोठून येतात, आणि आताच का येतात?

गावात विचाराल तर एकच उत्तर मिळते : शिकार बंद झाली, म्हणून जनावरे माजली. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेने शिकार करण्याची वाटही बंद झाली. परंतु हे उत्तर अर्धेच आहे. बंदुकीची भीती गेली म्हणून जनावर निर्धास्त होईल. पण भरले रान सोडून ते माणसाच्या वस्तीजवळ का येईल?

प्रथम आपले प्राणी ओळखून घेऊ. चितळ आणि सांबर ही सारंग कुळातली खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे गळतात आणि पुन्हा नवी येतात. काळवीट आणि रोही, म्हणजे नीलगाय, हे कुरंग. त्यांची शिंगे गळत नाहीत. चौघांच्या आवडीही निराळ्या. चितळाला गवत हवे आणि जवळ पाणी हवे. सांबराला दाट झाडी आणि डोंगराचा उतार प्रिय. काळविटाला दूरवर दिसणारा मोकळा माळ लागतो. रोही मात्र झुडपी रान आणि शेत या दोहोंच्या सीमेवर सुखाने राहतो. या साऱ्यांना तीन गोष्टी लागतात : चारा, पाणी आणि आडोसा. तिन्ही जवळजवळ असतील तर कळप थोड्या जागेत वर्ष काढतो. त्या दूर दूर असतील तर त्याची पायपीट वाढते.

आता वर्षाचे चक्र पाहा. मृगाच्या सरी पडल्या की माळावर मारवेल, पवन्या यांसारखे गवत उगवते. कोवळे गवत सर्वांत सकस असते. त्या दिवसांत कळप पांगतात, कारण चारा सर्वत्र असतो आणि पाणीही. दिवाळीनंतर गवत पिकते, कुसळीला कुसळे येतात आणि चाऱ्याचा कस उतरतो. नेमक्या याच वेळी शेतात हरभरा, गहू हिरवे होतात आणि उभी तूर व पऱ्हाटी आडोसा देतात. मोर्शी तालुक्यातल्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी कालव्यांनी फिरू लागल्यापासून ही हिवाळी हिरवळ आणखी वाढली. जनावराच्या दृष्टीने रान सुकले आणि शेत फुलले. मग ते कोठे जाईल? उन्हाळ्यात पुन्हा चित्र पालटते. मोहाची फुले, गळलेली फळे, झाडांचा पाला यांवर गुजराण होते आणि सारे जीव उरल्यासुरल्या डोहांभोवती गोळा होतात.

हे गणित जुन्या शिकाऱ्यांना तोंडपाठ होते. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांत व वऱ्हाडातील सरकारी जंगलांचे शिकारीसाठी गट पाडलेले असत आणि परवाना काढून त्या त्या गटात शिकार करावी लागे. शिकारी लोक उन्हाळा पसंत करीत. पानगळीने रान उघडे पडे आणि पाण्याच्या मोजक्याच जागा उरत. वणव्यानंतर जळल्या गवताला नवा फुटवा आला की त्यावर हरणे येतात, हेही त्यांना ठाऊक होते. त्याहीपूर्वी राजेरजवाडे आणि नवाब शिकारगाह राखीत. शिकार हा त्यांचा हेतू, त्याचे गुणगान मला करायचे नाही. पण त्या राखण्यामागची एक जाण आपण उचलावी : ज्याने गवत आणि पाणी राखले, त्याच्याच रानात हरीण थांबते.

हा नियम केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडील बर्फाळ भागांत पांढऱ्या शेपटीची हरणे हिवाळ्यात सदाहरित सूचिपर्णी झाडांच्या दाटीत गोळा होतात, कारण तेथे बर्फ कमी साचते आणि वारा अडतो. तेथे हिमाचा धाक, येथे दुष्काळाचा. पण जनावर शोधते ते एकच, तगून राहण्याजोगी जागा.

आपल्या जिल्ह्यातला दाखला मेळघाटचा. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. तेथे सागवान भरपूर. पण उन्हाळ्यात सिपना, खापरा, खंडू या नद्यांचे डोह हाच जनावरांचा आधार. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे गाभ्यातून बाहेर वसविण्यात आली. जुन्या शेतांच्या जागी गवताची कुरणे उभी राहिली आणि तेथे तृणभक्षी प्राणी चरू लागले. यासाठी कोरकू कुटुंबांना बापजाद्यांची घरे सोडावी लागली, ही किंमत विसरून चालणार नाही. मात्र कुरण केले की जनावर येते, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

दुसरा दाखला कारंजा-सोहोळचा. पूर्वी अकोला आणि आता वाशीम जिल्ह्यात असलेले हे काळविटांचे अभयारण्य २००० साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर. कागदावर त्याची हद्द आहे, परंतु काळविटाला सात-बारा वाचता येत नाही! शेजारच्या शेतात कस असेल तर ते धुरा ओलांडणारच.

आता पुन्हा आपल्या गावाकडे वळू. आपल्या ई-क्लास जमिनींची आज काय दशा आहे? काही अतिक्रमणाखाली गेल्या. उरल्या त्यांवर पहिल्या पावसापासून गुरांची झुंबड. गवताला बी धरायला सवड नाही. त्याच्या जागी तरोटा, गाजर गवत आणि रायमुनिया माजले. हे आपली गुरे खात नाहीत आणि हरणेही पोटभर खात नाहीत. रायमुनियाच्या जाळीत रोही दिवसभर लपतो खरा, पण पोटासाठी रात्री आपल्याच शेतात येतो. म्हणजे आपण त्याला निवारा दिला आणि ताट हिरावले.

मग शेतकरी चिडतो. त्याच्या चिडण्याला मी नावे ठेवत नाही. एका रात्रीत उभे पीक तुडवले गेले म्हणजे काय होते, हे ज्याच्या घरी घडले त्यालाच कळते. पण कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडणे हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे. ती तार रोही आणि माणूस असा भेद करीत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, धुऱ्यावर गवत कापणारी बाई, कुणीही तिच्या तोंडी जाते. नुकसान झाल्यास वनखात्याकडे भरपाईचा अर्ज वेळेत करावा. अर्ज लिहिता न येणाऱ्या बापाला तो लिहून देणे, हे शिकलेल्या मुलाचे पहिले कर्तव्य समजा.

आणि दुसरे काम हळूहळू करण्याचे. गावाने ई-क्लासचा एखादा तुकडा पाळीपाळीने दोन-तीन पावसाळे चराईला बंद ठेवावा. तेथील रायमुनिया मुळासकट काढावी, मारवेल-पवन्याचे बी टाकावे, नाल्यात एक लहानसा डोह खोदावा. गवत वाढले की कापून न्यावे, त्यात गावच्या गुरांचाही वाटा आहे. याने रोही शेतात येणे एकदम थांबेल, असे खोटे आश्वासन मी देत नाही. हरभरा त्याला गोडच लागणार. पण भुकेलेले जनावर आणि पोट भरलेले जनावर यांत फरक असतो.

तुमच्यासाठी माझे एकच मागणे आहे. एक साधी वही घ्या. कोणत्या महिन्यात, कोणत्या पांदणीने, कोणते जनावर, किती दिसले, तेव्हा रानात गवत होते की नव्हते, नाल्यात पाणी होते की नव्हते, एवढे लिहा. वर्षभराने त्या वहीत तुमच्या गावच्या हरणांच्या वाटा उमटलेल्या दिसतील. कुरण कोठे राखावे हे मग ग्रामसभेला तुम्हीच सांगू शकाल.

माझा तो विद्यार्थी परीक्षेला बसला आणि पास झाला. परंतु येत्या हिवाळ्यात पुन्हा हरभरा उगवेल आणि पुन्हा कुणाचे तरी मूल मचाणावर जागत बसेल. त्या मुलाची झोप आणि त्या हरणाचा घास, दोन्ही एकाच माळावर अवलंबून आहेत. तो माळ राखा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.