फडावर गेलेल्या आपल्या बाया



दसरा झाला, सोयाबीन घरात आलं की आपल्या मानोरा, मालेगाव, मंगरूळपीर भागातल्या तांड्यांवर गडबड सुरू होते. मुकादमाची गाडी कधी येणार, याची विचारपूस चालते. पीठमीठ, तवा, गोधड्या, पाण्याचा ड्रम, कडेवरचं लेकरू, सगळं गाडीत चढतं. मागे राहतात म्हातारी माणसं. कोणी सांगली-कोल्हापूरकडे ऊस तोडायला जातं, कोणी कर्नाटकात, कोणी वीटभट्टीवर, तर कोणी पुण्याच्या बांधकामावर. ऊसतोडीची माणसं परततात ती गुढीपाडव्याच्या मागेपुढे, पोहरादेवीची रामनवमीची यात्रा डोळ्यांपुढे ठेवून.

या बायांच्या हालाबद्दल पुष्कळ बोललं जातं, आणि ते खरंच आहे. पण आज आम्हाला त्यांच्या कमाईबद्दल बोलायचं आहे. आपल्या गावांत जरा फिरून बघा. घरकुलाचे सरकारी हप्ते पुरले नाहीत तेव्हा वरचा स्लॅब कशावर पडला? पोरीची नर्सिंगची फी कुठून भरली? जूनमध्ये बियाण्याची बॅग रोखीनं कोणी आणली? पुष्कळ घरी उत्तर एकच मिळेल, हंगामाचा पैसा. आणि आपण चहात घालतो ती साखर? तिची सुरुवातही याच हातांतून होते.

आता या कामात बाईचा हिशोब कसा होतो ते बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे बाई हा अर्धा कोयता. ती पहाटे उठून भाकरी थापते, मग फडात जाते. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. गाडी रात्री आली तर रात्री भरते. एक दिवस अंग दुखलं म्हणून बसली तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. जोडीनं दिवसाला दोन टन तोडले तर दोघांचे मिळून सव्वासातशे-साडेसातशे. तेही बहुतेक आधी घेतलेल्या उचलीत वळते होतात. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशोब मुकादमाच्या वहीत. बाईचं नाव कुठेच नाही. अर्ध्याहून जास्त काम करून ती अर्धीच राहते, हे आम्हाला काही पटत नाही.

दूरच्या एका देशाची गोष्ट सांगतो. फिलिपाइन्स नावाचा बेटांचा देश आहे. तिथली लाखो माणसं परदेशात राबतात. कोणी नर्स, कोणी जहाजावर, कोणी दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी आणि लेकरं सांभाळायला. त्यांत बाया पुष्कळ. त्यांनी पाठवलेल्या पैशावर घरंच काय, देशाची तिजोरीही सावरते. १९८८ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो हाँगकाँगला गेल्या, तेव्हा घरकाम करणाऱ्या बायांना त्यांनी देशाचे नवे वीर म्हटलं. किती मोठा मान! पण नुसत्या मानानं भागलं नाही. १९९५ मध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासियन या घरकामगार बाईला सिंगापूरमध्ये फाशी झाली. आपल्या बाईच्या पाठीशी सरकार उभं राहिलं नाही म्हणून सगळा देश खवळला. त्याच वर्षी ७ जूनला बाहेर राबणाऱ्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि हा दिवस तिथे स्थलांतरित कामगारांचा दिवस म्हणून पाळतात. कौतुक आधी झालं, कायदा नंतर आला, आणि तोही लोक भांडले तेव्हा.

आपल्याकडे हे भांडण कुठून सुरू करायचं? आम्ही म्हणतो, गटाच्या वहीतून. एका गावात अशी चर्चा झाली. गटातल्या चार जणी पाच-सहा महिने तोडीला जाणार. पंचसूत्रीत नियमित बैठक आणि नियमित बचत आलीच. वहीत गैरहजेरी दिसली तर कर्जाच्या वेळी बँक विचारणार. एक ताई म्हणाल्या, "त्यांची नावं कमी करा, नाहीतर सगळ्यांचंच कर्ज अडकेल." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तेवढ्यात म्हाताऱ्या काकू बोलल्या, "मागच्या साली व्याजासहित पूर्ण फेड कोणी केली, ते वहीत पाहा ना बाई." पाहिलं, तर त्याच चौघी! मग ठराव झाला. बचत फोनवरून पाठवायची, हजेरीच्या रकान्यात 'कामानिमित्त बाहेर' लिहायचं, परत आल्यावर मोठा हप्ता घ्यायचा. आणि जाण्याआधी गटातून थोडं कर्ज द्यायचं, म्हणजे मुकादमाची उचल तेवढी कमी घ्यावी लागेल. हे शेवटचं आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं. उचल जितकी कमी, तितकी बाई मोकळी.

वहीबाहेरची कामंही आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी नोंद आणि ओळखपत्राचं काम ग्रामसेवकांकडे दिलेलं आहे. नोंद नवऱ्याची झाली म्हणजे आपली झाली असं समजू नका. आपलं नाव वेगळं सांगा, समोर लिहून घ्या. ई-श्रम कार्ड बाईच्या स्वतःच्या नावानं निघतं. रेशनचं धान्य आधार जोडलेलं असेल तर दुसऱ्या गावातल्या दुकानातही मिळतं, म्हणून अंगठा लागतो की नाही ते इथेच तपासून जा. शाळेतल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुख्याध्यापकांना विचारा, पण गाडी दारात उभी राहिल्यावर नव्हे, त्याआधी.

आणि अंगावरचं दुखणं लपवून जाऊ नका. बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या कितीतरी बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, २०१९ मध्ये त्यावर सरकारला समिती नेमावी लागली. जाण्याआधी आशाताईंना घेऊन सरकारी दवाखान्यात दाखवा. कोणी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

ज्या गटातून बाया जाणार आहेत, त्यांनी गाडी येण्याआधीची बैठक याच कामासाठी ठेवा. प्रत्येकीचा फोन नंबर, मुकादमाचं नाव, कोणत्या कारखान्याला जाणार, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या. अध्यक्ष-सचिवांनी पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचा. लावायचा मात्र संध्याकाळी, गाडी भरायला येण्याआधी. नंतर त्यांना बोलायला सवड नसते.