तिसऱ्या सिलिंडरचा ठोका



गोष्ट गेल्या जानेवारीतली. नोएडात धुकं इतकं उतरलं होतं की गॅलरीतून समोरची इमारत दिसत नव्हती. सकाळी साडेसातला दारावरची घंटा वाजली. आमच्याच मजल्यावर राहणारा, दिल्लीत जन्मलेला आणि वाढलेला एक मराठी मुलगा दारात उभा होता. रात्रभर झोप नसावी. म्हणाला, "काका, जरा खाली येता का? गाडी वाजतेय."

ही गाडी त्याने तीन आठवड्यांपूर्वी घेतली होती. दोनच माणसांची, जमिनीलगत बसलेली, बारा वर्षांची पेट्रोल स्पोर्ट्स कार. चार वर्षांच्या नोकरीतली शिल्लक त्याने तिच्यात घातली होती. दिल्ली परिसरात अशा गाड्या तुलनेने स्वस्त मिळतात, त्याला कारण आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला मनाई केली. पुढे त्या नियमाचे तपशील बदलत राहिले, पण बाजाराने धसका घेतला तो घेतलाच. गाडीचं वय वाढू लागलं की मालक ती काढायच्या मागे लागतो, आणि पंचविशीतल्या मुलाला जी गाडी एरवी पोस्टरवरच दिसायची ती हाताशी येते. त्या आनंदात इंजिनाकडे कान देऊन बघायचं राहून जातं.

खाली तळघरात जाताजाता त्याने आदल्या रात्रीची हकिगत सांगितली. आग्र्याहून यमुना एक्स्प्रेस वेने परत येत होता. १६५ किलोमीटरचा तो सरळसोट रस्ता, गाडी झकास पळाली. मग एक्स्प्रेस वेवरून खाली उतरायच्या गोल वळणावर लाल दिवा दोनदा लुकलुकला. ऑइलच्या किटलीचं चित्र असलेला दिवा. वळण संपलं, दिवा विझला, म्हणून हा पुढे निघाला. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर टक टक सुरू झालं. पेट्रोल पंपावर थांबून ऑइलची पट्टी काढली तर ती कोरडी. अडीच लिटर ऑइल ओतलं. मित्राला फोन केला, तो म्हणाला, "नॉकिंग आहे, चांगलं पेट्रोल भर." म्हणून १०० ऑक्टेनचं पेट्रोलही भरलं. आणि तसाच घरी आला.

"ऑइल पुरं आहे, पेट्रोल उत्तम आहे, मग आवाज का जात नाही, काका?"

मला वाईट वाटलं, कारण उत्तर मला तिथेच कळलं होतं. खात्रीसाठी मी त्याला गाडी अगदी थोडाच वेळ सुरू करू दिली, आणि किल्ली काढून घेतली.

नॉकिंग या एका शब्दात आपण दोन निराळे आजार कोंबतो. पहिला पेट्रोलचा. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीपासून शिस्तीत जळत जायला हवं. ते दाबाने आणि उष्णतेने कोपऱ्यात आपोआप पेटलं तर धातूवर हातोडी बसावी तसा दणका बसतो. चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये जोर दिला की डब्यात खडे खुळखुळावेत तसा तो आवाज येतो. यावर उपाय म्हणून १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायची युक्ती शोधली, आणि ते शिसं आपल्या फुप्फुसांत गेलं. दिल्लीत ते १९९८ साली बंद झालं, देशभर २००० साली. आज १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं ते याच आजारावर. पण हा आवाज गाडी उभी असताना, नुसतं इंजिन चालू असताना सहसा येत नाही. आमची गाडी तर तळघरात जागेवर उभी राहून ठोके देत होती.

दुसरा आजार लोखंडाचा. तो समजायचा तर ऑइल नेमकं काय करतं हे समजायला हवं, आणि त्यासाठी मला नेहमी एका लाकडी खुंटीची गोष्ट आठवते. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर नावाचे एक अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. आस खालून तेलात बुडालेला, बेअरिंग वर बसलेलं. वरून तेल सोडायला म्हणून त्यांनी बेअरिंगला भोक पाडलं, तर आस फिरताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागलं. त्यांनी लाकडी खुंटी ठोकली. तेलाने ती बाहेर ढकलली. मग दाबमापक लावला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला, बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तेथे दाब तयार होतो आणि आस त्या दाबावर उचलला जातो. म्हणजे चालत्या इंजिनातला मुख्य आस, क्रँक, धातूवर टेकलेलाच नसतो, तो तेलावर तरंगत असतो. तो थर असतो काही मायक्रॉनचा, आपल्या केसाहून कितीतरी पातळ. ऑइलचा पंप त्या फटीला तेल पुरवत राहतो तोवरच हे तरंगणं. पुरवठा तुटला की क्रँक बेअरिंगवर घासतो, बेअरिंगचा मऊ धातू निघून जातो, फट वाढते. मग दर फेऱ्याला पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड त्या वाढलेल्या फटीत आपटतो. आपण ऐकतो तो ठोका हाच. त्यानंतर तुम्ही कितीही ऑइल ओता, गेलेला धातू परत येत नाही.

माझे वडील एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत होते. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते ऐकायचे. किल्ली काढण्याआधी तळघरात मीही तेच केलं. वर, झाकणावर लावलं तर आवाज पुसट. तो टॅपेटचा, म्हणजे झडपा हलवणाऱ्या भागांचा असता तर वर मोठा आला असता, आणि निम्म्या वेगाने आला असता, कारण त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या अर्ध्या गतीने फिरतो. पेचकस खाली सरकवत ऑइलच्या चेंबरजवळ नेला तसा ठोका भरीव झाला. पिस्टनच्या खडखडाटाची शंका घ्यायची तर तो थंड इंजिनात जास्त असतो, तापल्यावर कमी होतो. मुलाला विचारलं, तो म्हणाला की रात्री इंजिन तापत गेलं तसा आवाज वाढत गेला. हे बेअरिंगचं लक्षण. तापल्यावर ऑइल पातळ होतं आणि ढिल्या फटीतून निसटून जातं.

गाडी चालवून न्यायची नाही असं मी बजावलं. टो गाडीवर चढवून आम्ही ती माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिककडे नेली. दिल्लीत अशा माणसाला उस्ताद म्हणतात, आणि हा गृहस्थ त्या नावाला लायक आहे. त्याने दिव्याचा सेन्सर काढून त्या जागी दाबाचा गेज बसवला. इंजिन थोडंच गरम झालं आणि काटा अर्ध्या बारच्या खाली आला. मग एकेका सिलिंडरच्या कॉइलचा प्लग काढून बघितला. पहिला काढला, ठोका तसाच. दुसरा काढला, तसाच. तिसरा काढताच आवाज मऊ पडला. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला, म्हणून रॉडवरचा मार कमी झाला. उस्ताद हात पुसत म्हणाला, "बेरिंग बोल रही है, साहब."

ऑइल काढलं. उन्हात धरलं तर त्यात रांगोळीत मिसळतात तशी चमकी. फिल्टर कापला, घड्या उलगडल्या, तांबूस पापुद्रे निघाले. मी लोहचुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. रिंग किंवा कॅम झिजला असता तर लोखंडाचा चुरा चिकटला असता. हा बेअरिंगचा धातू होता. इंजिन उघडल्यावर तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगची वाटी हातात आली, तिच्यावरचा करडा थर जाऊन तांबं उघडं पडलं होतं. मुलगा ती वाटी बराच वेळ बोटांत फिरवत राहिला.

आता ऑइल गेलं कुठे? गाडीखाली डाग नव्हता. प्लग तेलकट काळे होते, आणि सकाळी सुरू करताना निळसर धूर येतो असं त्यानेच सांगितलं. म्हणजे ऑइल जळत होतं. हे समजून घ्या, कारण पुष्कळांना ठाऊक नसतं. जोरदार इंजिनं थोडं ऑइल खातातच. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटर जळणंही मान्य धरलेलं असतं. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत सहसा एकच लिटरचं अंतर असतं. गणित करा, दोन हजार किलोमीटरमध्ये तुम्ही वरून खाली येता.

बेअरिंगला ऑइल न पोचण्याचं दुसरं कारण चेंबरमध्ये होतं. आपल्या वसाहतींमधले गतिरोधक आणि ही बुटकी गाडी. कधीतरी चेंबर आपटून आत दबला होता, आणि ऑइल पंपाची जाळी त्या पोच्याला जवळजवळ चिकटली होती. अर्धंच ऑइल, त्यात जाळीची वाट चिंचोळी, त्यात लांबलचक वळण. वळणात ऑइल एका बाजूला चढतं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो. शर्यतीच्या गाड्यांत याच भीतीने ऑइल खाली न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवतात. आमच्या मुलाचा दिवा वळणावर लुकलुकला तो यामुळे. तो दिवा ऑइल किती आहे हे सांगत नाही. दाब संपत आला एवढंच सांगतो. तो चालू गाडीत क्षणभरही लागला, तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतही जाऊ नका. त्या दहा-बारा किलोमीटरने या मुलाची सगळी बचत खाल्ली.

जुनी गाडी घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. इंजिन रात्रभर थंड राहिलेलं असताना स्वतःसमोर सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. आणि वीस-पंचवीस मिनिटं चालवून, पुरतं तापल्यावर, जागेवर उभी करून पुन्हा ऐका. ठोका झाकण्यासाठी काही विक्रेते जाड ऑइल भरतात. इंजिन थंड असताना ते खपून जातं, तापल्यावर उघडं पडतं. हे करणाऱ्याला मी माफ करू शकत नाही, कारण ते इंजिन भर रस्त्यात अडकलं तर आत माणूस बसलेला असतो.

आमच्या गाडीचा क्रँक पाव मिलिमीटर घासून सरळ होऊ शकला, हे नशीब. सगळ्या क्रँकना ते चालत नाही, मग हाफ इंजिन, म्हणजे क्रँकसकट इंजिनाचा खालचा भागच, शोधावा लागतो. दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या बाजारात त्या मापाच्या वाट्या शोधायला मी आणि तो मुलगा दोन शनिवार फिरलो. पंप नवा, जाळी साफ, चेंबर नवा. उस्तादने प्रत्येक बेअरिंगमध्ये प्लास्टिगेजचा मऊ दोरा ठेवून आवळला, पुन्हा उघडला, आणि चपट्या झालेल्या दोऱ्याची रुंदी पट्टीने मोजली. घाई केली नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी इंजिन बसलं. मुलगा लगेच सुरू करायला गेला, तर उस्तादने हात धरला आणि पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकला. मग स्टार्टर मारायला सांगितला. इंजिन पेट न घेता नुसतं फिरत राहिलं, थांबलं, पुन्हा फिरलं. आम्ही तिघं त्या लाल दिव्याकडे बघत होतो. चौथ्या खेपेला दिवा विझला. उस्तादने आणखी दोनदा फिरवून घेतलं, आणि मग खिशातला फ्यूज काढून मुलाच्या हातात दिला.