एका मुक्कामाची बचत

सेक्रेटरींनी प्रवासाबद्दल बोला म्हटलं, म्हणून जमाखर्चाची एक गोष्ट सांगतो.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं बुलेटवर पुण्याहून लेहला निघालो. जेवण ढाब्यावर, मुक्काम धर्मशाळेत. पै-पैचा हिशोब मी वहीत मांडत असे.

मनाली साधारण २,००० मीटरवर. पुढे केलाँगला, ३,००० मीटरवर, थांबायला हवं होतं. पण खोलीभाडं वाचवायला मी गाडी तशीच दामटली. बारालाचा खिंड ओलांडून थेट सरचूला, ४,२०० मीटरच्या वर. रात्री तंबूत हिचं डोकं ठणकू लागलं, उलट्या सुरू झाल्या. विरळ हवा शरीराला हळूहळूच सोसते, हे मला तेव्हा कळलं. खाली उतरायचं तर आधी ४,८९० मीटरची तीच खिंड पुन्हा चढायची! उजाडताच निघालो. केलाँग येईपर्यंत ती माझ्या पाठीला टेकून होती, एक शब्द बोलली नाही.

एका मुक्कामाचं भाडं वाचवलं, तीन मुक्कामांचं भरलं. चौथ्या दिवशी हीच म्हणाली, "अहो, लेह राहिलंय ना? चला."

या वेळी सावकाश गेलो. लेहला पोचल्यावर हिशोबाची वही तिच्या हाती दिली. ती अजून तिच्याकडेच आहे.

तरुण मंडळींनो, चहा-नाश्त्यात काटकसर करा, मुक्कामात नको.