वजन, व्यायाम आणि फुगडी



वजन कमी व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांना उपदेशाची उणीव कधीच भासत नाही. डॉक्टर सांगतात, चाला. शेजारीण सांगते, भात सोडा. कोणी पोहावयास सांगतो, कोणी धावावयास. सल्ले सारेच चांगले असतात. परंतु ते देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या एखाद्या वाड्यावरून आषाढातील सायंकाळी चालून पाहिले असेल, अशी मला शंका आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पाऊस ओसरला तरी रस्ते अरुंद, वाहने भरधाव आणि दिवाबत्ती यथातथाच. शिवाय चाळिशीची बाई रिकाम्या हातांनी रस्त्याने निघाली, की दर चार पावलांवर एक प्रश्न येतोच : "टीचर, खंय वतात?" कोठेच जात नाही, नुसती चालते आहे, हे उत्तर आपल्या गावात अजून उत्तर म्हणून मान्य झालेले नाही.

म्हणून आज मी घरच्या घरी करावयाच्या व्यायामाविषयी बोलणार आहे. आणि त्यातही जो करताना मनाला कंटाळा येत नाही, अशा व्यायामाविषयी.

हा विषय हौसेचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात सर्वांच्या पुढे असल्याचे दिसून आले. देशाची सरासरी ११.४ टक्के, तर गोव्याची २६.४ टक्के. म्हणजे प्रौढ माणसांत चौघांमागे एक. त्याआधी २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे ३६ जणींचे वजन प्रमाणाबाहेर भरले. या आकड्यांत तुमच्या-माझ्या घरची माणसे आहेत.

कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. आपल्या आज्या जात्यावर दळीत, उखळात कांडीत, रहाटाने पाणी ओढीत आणि आमटीचा नारळ रगड्यावर वाटीत. ते कष्ट परत यावेत असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. त्या कष्टांनी कित्येकींच्या पाठी अकाली वाकल्या, आणि त्या काळाचे गोडवे बहुधा ज्यांनी कधी मुसळ उचलले नाही तेच गातात. मिक्सर आला, नळ आला, हे उत्तमच झाले. परंतु शरीराची हालचाल घटली तशी ताटातील भाताची मूद घटली नाही. शिवाय नेवऱ्या आहेतच : चवथीला तुमच्या घरी, नाताळात आमच्या घरी, आणि शेजारधर्म म्हणून दोन्ही वेळा दोन्ही घरी!

येथे थोडे गणित करू. शिक्षिकेला तेवढी मुभा असावी. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारणपणे साडेसात हजार कॅलरींचा साठा. पासष्ट किलो वजनाची स्त्री अर्धा तास झपाझप चालली तर तिच्या सुमारे सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. एक वाटी शिजलेल्या भातात जवळजवळ तेवढ्याच असतात. तेव्हा व्यायाम करून आल्यावर भूक लागली म्हणून एक वाटी भात जास्त घेतला, की जमाखर्च बरोबर शून्यावर येतो. केवळ व्यायामाने वजन झरझर उतरते असे जो कोणी सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. दररोज एक वाटी भात कमी आणि अर्धा तास अंग हलविणे, या दोन गोष्टी एकत्र केल्या तर महिन्याकाठी किलोभर वजन उतरण्याची आशा धरता येते. पुढे पुढे तोही वेग मंदावतो.

मग व्यायाम कशासाठी, असे कोणी विचारील. कारण उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्याचे काम मुख्यत्वे व्यायाम करतो. राबणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात; म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरात फिरले तरी साखरेवर त्याचा परिणाम दिसतो. आणि नुसते उपाशी राहून वजन उतरविले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ही गोष्ट चाळिशीनंतर फार महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या मध्यम श्रमाची, आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाची शिफारस केली आहे. दीडशे मिनिटे म्हणजे दिवसाला तीस मिनिटे, आठवड्यातील पाच दिवस.

तीस मिनिटे फार नव्हेत. अडचण आहे ती सहाव्या आठवड्याची. व्यायामाचा संकल्प बहुधा पहिल्या तारखेला सुरू होतो आणि पंधरा तारखेला घरी पाहुणे येतात. केवळ कर्तव्य म्हणून अंगावर घेतलेली गोष्ट पाहुण्यांच्या निमित्ताने सुटते, ती सुटतेच. ज्या गोष्टीची मनाला ओढ असते ती मात्र पाहुण्यांनाही सोबत घेऊन चालू राहते. यास्तव व्यायाम निवडताना त्यात किती कॅलरी जळतात यापेक्षा तो उद्या पुन्हा करावासा वाटेल की नाही, हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जपानी लोकांनी हे फार पूर्वी ओळखले. तेथे १९२८ साली नभोवाणीवरून संगीताच्या साथीने व्यायाम सांगण्यास आरंभ झाला, आणि १९५१ साली त्याला नवे रूप मिळाले. पियानोच्या सुरांवर जेमतेम तीन मिनिटांत तेरा हालचाली. लहान मूल आणि आजोबा दोघांनाही जमतील अशा. आजही सकाळी साडेसहाला तेथे हा कार्यक्रम लागतो. आपल्याकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा असाच ध्यास घेतला; आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी तो व्यायाम रुजविला आणि त्यावर पुस्तकेही लिहिली. सूर्यनमस्काराला एका चटईइतकीच जागा लागते आणि तो मंत्रावाचूनही होतो, त्यामुळे माझ्यासारख्या ख्रिस्ती घरातील बाईलाही त्यात काही अडचण पडत नाही. तथापि खरे सांगावयाचे तर एकटीने मोजून बारा नमस्कार घालणे हे सर्वांच्याच स्वभावात बसत नाही.

ज्यांना ते रुचत नाही त्यांच्यासाठी आपल्या मातीतच दुसरी सोय आहे, ती म्हणजे फुगडी. भाद्रपदात चवथीच्या दिवसांत पेडणे, डिचोली, सत्तरीच्या घराघरांतून फुगड्या रंगतात. फेर धरून, टाळ्या देत, वाकत, उठत, फुंकरीचा 'फू' असा नाद काढीत स्त्रिया अर्धा अर्धा तास नाचतात आणि आपण व्यायाम केला हे त्यांच्या गावीही नसते. फेरात गाणे चालू राहते तोवर श्वास ठीक आहे असे समजावे. गाणे तुटू लागले की श्रम वाढले. आधुनिक व्यायामशास्त्रही मध्यम श्रमाची हीच खूण सांगते : बोलता यावे, पण गाताना धाप लागावी. फुगडी घालणारीला हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. पौषात चांदण्या रात्री मांडावर धालो होतात. त्यात स्त्रियांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेत हात गुंफून, कमरेत लवत पुढे येतात आणि मागे सरतात. चाल संथ, पण ती रात्री किती वेळ चालते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिच्या श्रमाची कल्पना येईल. आमच्याकडील मांडोतही दोन रांगा समोरासमोर असतात, मात्र वजन उतरविण्याच्या कामी मांडोचा फारसा उपयोग होईल असे वाटत नाही. तो फारच दिमाखाने चालतो. मागून दुलपद सुरू झाले म्हणजे पाय खरे हलू लागतात.

हे सारे वर्षातून थोडेच दिवस का व्हावे? दार लोटून घ्यावे, आवडीची गाणी लावावीत, आणि सासू, सून, मुलगी, शेजारीण, जी कोणी हाताशी असेल तिला घ्यावे. आरंभीची पाच मिनिटे धालोची पुढची-मागची पावले टाकावीत, म्हणजे सांधे मोकळे होतात. मग वीस मिनिटे फेराची फुगडी. दमल्यावर पुन्हा संथ पावले. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे आणि भिंतीला तळवे लावून दहा वेळा रेटा द्यावा. स्नायूंसाठी आरंभी एवढे पुरे. पुरुषमंडळींनी हसण्याचे कारण नाही. शिगम्यात रोमटामेळाच्या ढोलावर तुम्ही मैलच्या मैल नाचत जाता, तोच ताल घरातही चालतो.

एक-दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. बसफुगडी दिसावयास मोठी गमतीची, परंतु वजन जास्त असलेल्या आणि गुडघे कुरकुरणाऱ्या स्त्रियांनी तिच्या वाटेला जाऊ नये. गुडघ्यांवर तिचा भार फार येतो. हात धरून गरगर फिरण्याची फुगडीही भोवळ येणाऱ्यांनी टाळावी. फरशी ओली नसावी. छातीत दुखले, धाप बसेनाशी झाली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांकडे जावे. जे मधुमेहावर औषधे किंवा इन्शुलिन घेतात त्यांनी व्यायाम वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण साखर एकाएकी खाली जाण्याचा संभव असतो.

राहता राहिला प्रश्न प्रगती मोजण्याचा. रोज वजनकाट्यावर उभे राहणे मला पसंत नाही. काटा पाण्याने आणि मिठानेही किलोभर हलतो आणि माणूस उगाच खट्टू होतो. त्यापेक्षा कंबर मोजावी. आपल्या देशातील स्त्रियांनी कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. घरात मोजपट्टी नसेल तर साधी सुतळी घ्यावी. सकाळी काही खाण्यापूर्वी, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता ती कंबरेभोवती धरावी आणि जुळेल तेथे गाठ मारावी. महिन्याने तीच सुतळी पुन्हा धरावी, आणि दुसरी गाठ पहिलीच्या कोणत्या बाजूला पडते ते पाहावे.