मास्क धुता आला पाहिजे



१९१० सालच्या हिवाळ्यात मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगने माणसं पटापट मरत होती. हा रोग श्वासातून पसरतो असं सांगून डॉ. वू लियन-तेह यांनी गॉज आणि कापसाचे मास्क वापरायला लावले. मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. मास्क न लावताच त्यांनी रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच ते प्लेगने गेले. मास्क हवा की नको, हा वाद तिथेच मिटायला हवा होता. आजचा प्रश्न वेगळा आहे: ऐन वेळी तो मिळणार कुठून? २००९ साली स्वाइन फ्लूत पुण्यात मास्कसाठी धावाधाव झाली, २०२० साली जगभर झाली.

एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो. हे काम नुसत्या जाळीचं नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंवर विद्युतभार असतो, तो कण खेचून धरतो. साबणाने किंवा स्पिरिटने धुतला की भार उतरतो. मास्क दिसायला स्वच्छ, कामाला बाद.

याला पर्याय जुनाच आहे. स्प्रे पेंटिंग करणारे कामगार लावतात तो रबराचा किंवा सिलिकॉनचा अर्ध्या चेहऱ्याचा रेस्पिरेटर. फिल्टर काढायचा, बाकीचा मास्क धुवायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा. त्याला पी-१०० फिल्टर लावला तर ९९.९७ टक्के कण अडतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका क्षयरोग रुग्णालयात कर्मचारी हेच वापरतात. तोटे आहेतच. आवाज दबतो, रुग्णाला नीट ऐकू जात नाही. उच्छ्वासाच्या झडपेतून हवा न गाळता बाहेर पडते, म्हणून शस्त्रक्रियागृहात झडपेवरही फिल्टर लागतो.

आपल्याकडे हे बनेल का? साचा काढणं, सिलिकॉन ओतणं यात अवघड काही नाही. गाड्यांचे रबरी भाग बनवणारी वर्कशॉप्स आपल्या आसपास आहेत. २०२० साली थ्रीडी प्रिंटरवर घाईघाईने मास्क निघाले, पण छापलेल्या थरांमधून हवा झिरपू शकते. खरी मेख आहे ती चेहऱ्याची. कुकरची रिंग जरा सैल असली की शिट्टी होत नाही. मास्कचंही तेच, फिल्टर कितीही भारी असो, हवा कडेनेच आत येते. परदेशी मापं तिथल्या चेहऱ्यांवरून ठरलेली असतात. आपल्या सिस्टरांच्या नाकाचा उंचवटा, हनुवटी मोजल्याशिवाय साचा काढू नये. दाढी राखलेल्या तरुण डॉक्टरांनी रागावू नये, पण दाढीवर सील बसत नाही.

सील नीट बसलं का, हे तपासायची रीत सोपी आहे. मास्क घातलेल्या माणसाच्या डोक्यावर हुड चढवायचा, आत कडू द्रावण फवारायचं, मान वळवायला आणि बोलायला लावायचं. कडू लागलं तर मास्क गळतोय.

भोसरी-चाकणचे कारखानदार इथे असतील तर त्यांना एक विनंती: ड्रॉइंग पक्कं करण्याआधी जवळच्या क्षयरोग वॉर्डातल्या सिस्टरांना बोलवा. आणि सरकारी खरेदीदारांनी निविदेत किमतीच्या आधी कडू द्रावणाच्या या चाचणीचा निकाल मागावा.