आधी मिस्त्री, मग सायकल

(कापणीच्या सणानिमित्त पुण्यात झालेल्या सहभागितेच्या सभेत आपल्या प्रकल्पातील कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि बजावलं आहे की अहवाल वाचू नका, साक्ष द्या. मी साक्षच देणार आहे, पण ती सायकलींची आहे. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी कितीतरी जणांनी फोन करून विचारलं, "ताई, नवापूरकडच्या मुलींना सायकली द्यायच्या आहेत, कोणत्या घेऊ?" प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांसमोर सांगते. आमची चूकही सगळ्यांसमोरच सांगते.

चार वर्षांपूर्वी आपल्याकडे सायकल निधी जमला. २० मुली निवडल्या. सगळ्या पाड्यांवर राहणाऱ्या, आठवी-नववीच्या, शाळेपासून चार ते सात किलोमीटरवरच्या. मग आम्ही शहरातल्या मोठ्या दुकानात गेलो. तिथं गुलाबी आणि आकाशी रंगाच्या, जाड टायरच्या, पुढे-मागे शॉकॲबच्या, गिअरच्या सायकली रांगेत उभ्या होत्या. मीच म्हणाले, "ह्याच घेऊ. आपल्या मुलींनी जुनाट काळ्या सायकली का चालवाव्यात?" हेतू वाईट नव्हता. पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर वाटपाचा फोटो होता. तो फोटो आपल्या पत्रिकेत छापूनही आला. तुम्ही पाहिला असेल.

जूनमध्ये वाटप झालं. दिवाळीपर्यंत अर्ध्याहून जास्त सायकली बंद पडल्या होत्या.

त्यातल्या एका मुलीविषयी सांगते. नववीत होती, गणितात चांगली. आई-वडील ऊसतोडीला बारडोलीकडे जातात, ती आजीजवळ राहते. दिवाळीनंतर ती शाळेत दिसेना म्हणून मी घरी गेले. जाताना मनात रागच होता, की सायकल देऊनसुद्धा ही येत नाही! आजीनं मला शेळ्यांच्या गोठ्यात नेलं. तिथं ती गुलाबी सायकल कुडाला टेकून उभी होती. मागचं टायर काट्यानं नव्हे, खडकावर घासून कडेला फाटलं होतं. गिअरचा मागचा हात वाकून आऱ्यांत अडकला होता. मुलगी दोन वेळा ती ढकलत बाजाराच्या गावी घेऊन गेली, आणि दोन्ही वेळा मिस्त्रीनं "माझ्याकडे ह्याचं काही नाही" म्हणून परत पाठवलं. आजी म्हणाली, "बाई, ही तुम्ही घेऊन जा. ही दारात असली की लोक म्हणतात, हिला सायकल मिळाली आहे, आता दुसरं काही द्यायला नको." मुलगी तोवर आई-वडिलांकडे उसाच्या फडात गेली होती. ती शाळेत परत आली नाही.

त्यानंतर मी जे करायला हवं होतं ते केलं. बाजाराच्या गावी त्या मिस्त्रीसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "दादा, तुमची पेटी उघडून दाखवा." पेटीत २८ × १ १/२ च्या काळ्या सायकलीची ट्यूब होती, २६ × १ ३/८ च्या लेडीज सायकलीची होती. साधी चेन, ब्रेकची रबरं, ब्रेकची तार, कॉटर पिना, छर्रे, वॉल्व्हची रबरी नळी. बस. त्याच्या पेटीत जे आहे ते ज्या सायकलीला बसतं, तीच आपल्या मुलींची सायकल. हे मला दुकानात जाण्याआधी कळायला हवं होतं.

टायरचं जरा सविस्तर सांगते, कारण इथंच दाते फसतात. लेडीज सायकलीच्या टायरवर २६ लिहिलेलं असतं आणि जाड टायरच्या सायकलीवरही २६ लिहिलेलं असतं. पण एकाचं टायर दुसरीला बसत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो. लेडीज सायकलीवर ३७-५९० असतो आणि जाड टायरवर शेवटी ५५९ येतं. हे शेवटचे तीन आकडे म्हणजे टायर रिमवर जिथं बसतं तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. ३१ मिलिमीटरचा फरक आहे, कितीही ओढलं तरी बसायचं नाही. आमच्या तीन सायकलींसाठी एका भल्या माणसानं टायर पाठवले होते, ते असेच पडून राहिले.

चेनचंही तसंच. गिअरची चेन अरुंद असते, साध्या सायकलीची रुंद. खेड्यातल्या दुकानात रुंदच मिळते.

आता तुम्ही म्हणाल, तिकडं तर डोंगर आहेत, मग गिअर नकोत का? गिअर वाईट नाहीत. ज्याला ते लावून देणारा जवळ आहे त्यानं जरूर घ्यावेत. पण आमच्या मुली चढावर उतरून सायकल हातानं नेतात, त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. शॉकॲब मात्र मी कुणालाही घेऊ देणार नाही. स्वस्त सायकलीतला शॉकॲब म्हणजे नुसतं वजन. पायडल मारताना अर्धं बळ त्या स्प्रिंगमध्ये जिरतं, आणि मागं शॉकॲब असला की धड कॅरियर बसत नाही. कॅरियर नसलेली सायकल पाड्यावर कुणाच्या कामाची? दप्तर, तांदळाची पिशवी, धाकटा भाऊ, सगळं कॅरियरवरच येतं. काही दाते नाराज होतात की सायकल मुलीला दिली आणि बाप त्यावरून बाजाराला गेला. जाऊ द्या हो. घराला उपयोगी पडते म्हणूनच घरचे ती दुरुस्त करून ठेवतात.

चढाचं झालं, उताराची काळजी मोठी. चकचकीत लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेकचं रबर घसरतं, सायकल लवकर थांबत नाही. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही ब्रेक बराच चांगला लागतो. आमच्या भागात जून ते सप्टेंबर रस्ता ओलाच असतो. म्हणून दोन पैसे जास्त पडले तरी रिम अॅल्युमिनियमची घ्या, आणि ब्रेक तारेचे साधे. डिस्क ब्रेक नकोत.

आणि माप. आपण गणवेश घेतो तशी सायकल घेतो, वाढीच्या अंगाची. गणवेश सैल असला तर मूल पडत नाही! सीटवर बसल्यावर नवशिक्या मुलीचे दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. चांगली शिकली की मग सीट वर करायची, इतकी की टाच खालच्या पायडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. मधला दांडा खाली वाकलेलीच सायकल घ्या, चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलेली, म्हणजे ओढणी अडकत नाही. यासाठी मुलीला दुकानात न्यावं लागतं. वाटपाच्या दिवशी स्टेजवर माप घेता येत नाही.

नव्या सायकलीचा पहिला महिना फार नाजूक असतो. पायडलचा दांडा जिथं बसतो तिथली कॉटर पिन थोडी सैल होते, कट-कट आवाज येतो. त्याच आठवड्यात ठोकून नट आवळला तर प्रश्न मिटतो. न आवळता चालवली तर दांडाच खराब होतो. आऱ्याही एकदा ओढून घ्याव्या लागतात. म्हणून आता आम्ही वाटपानंतर महिन्यानं मिस्त्रीला पाड्यावर बोलावतो, त्याची मजुरी देतो. तो मुलींना पंक्चर काढायलाही शिकवतो. प्रत्येक पाड्यावर एक हवा भरायचा पंप, सोल्युशन, पॅच आणि पाना ठेवला आहे. कुलूप लावून नव्हे, मुलींच्याच ताब्यात.

बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींसाठी सायकल योजना काढली, हे तुम्ही ऐकलं असेल. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, असं त्यांना आढळलं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथं सायकली वाटल्या नाहीत, सायकलीसाठी २,००० रुपये दिले. घरच्यांनी आपापल्या बाजारातून घेतल्या. म्हणजे जी दुरुस्त होईल तीच घेतली असणार. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. आम्ही आधी तो अर्ज भरून घेतो. जिचा त्यात नंबर लागत नाही तिच्यासाठीच तुमचा निधी वापरतो.

आता जे सांगते त्याचा राग मानू नका. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांच्या गिअरच्या सायकली धूळ खात असतील तर त्या आम्हाला पाठवू नका. टेम्पोभाड्यात आणि दुरुस्तीत नवी साधी सायकल येते. त्या इथंच विका आणि पैसे द्या. साधी लेडीज सायकल असेल, ५९० आकड्याची, तर आनंदानं घेऊ. मात्र टायर, ट्यूब आणि ब्रेक इथंच बदलून द्या.

येत्या जूनसाठी २५ सायकली देऊ शकू इतकी वचनं आली आहेत. मी कमिटीला विनंती केली आहे की २५ ऐवजी २० घ्याव्यात आणि उरलेल्या पाचांचा पैसा पंप, सुटे भाग आणि मिस्त्रीच्या मजुरीसाठी दोन वर्षं ठेवावा. कमिटीत यावर एकमत झालेलं नाही. एका काकांनी विचारलं, "मग त्या पाच मुलींना काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे, आणि मला त्या पाच मुली माहीत आहेत, नावानिशी. त्यांच्यासाठी वेगळी वचनं मिळाली तर मला हवीच आहेत. पण सुट्या भागांचा पैसा काढून नकोत.

त्या मुलीची सायकल आम्ही गोठ्यातून आणली. गिअर काढून, साधी चेन लावून मिस्त्रीनं ती चालती केली. टायर मात्र दर वेळी शहरातून आणावं लागतं. मी ती स्वतः पाड्यांवर फिरायला वापरते आहे. मुलींना वापरायला देत नाही.

बाहेर चहाच्या टेबलाजवळ दोन टायर ठेवले आहेत, दोन्हींवर २६ लिहिलेलं आहे. जाताना एकमेकांवर ठेवून बघा.